वयात आलेली मुलं व्यायाम का सोडतात, आणि कशाने परत वळतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी चौदा वर्षांची, मुलगा सोळा वर्षांचा. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत दोघंही घरात ठरत नव्हती. आता मुलगी खेळाच्या तासाला दर वेळी नवं कारण काढून कडेला बसते. मुलाने हट्टाने जिम लावली आणि तीन आठवड्यांत सोडली. समजावून झालं, रागावून झालं, बक्षीस लावून झालं, पावलं मोजणारा मनगटी पट्टाही आणून झाला. या वयात व्यायामाची प्रेरणा येते कुठून?

मी बरीच वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि आता याच वयाच्या मुलामुलींना मैदानावर शिकवते. तुम्ही केलेले चारही उपाय बहुतेक घरांत याच क्रमाने होतात. माझं म्हणणं असं की प्रेरणा कुठून येते हे नंतर बघू, ती कशामुळे गेली हे आधी शोधा. पळायला, उड्या मारायला, एकमेकांच्या मागे लागायला लहान मुलांना कुणी शिकवत नाही. ती ओढ त्यांच्यात असतेच. नऊ आणि चौदा या वयांच्या मध्ये कुठेतरी तिच्या आड काहीतरी येतं. ते सापडलं आणि बाजूला करता आलं तर कित्येक मुलं वेगळ्या आमिषाशिवाय हलू लागतात. ते तसंच ठेवून वरून कितीही उत्तेजन दिलं, तरी थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

तुमची मुलं जगावेगळी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना सांगतात की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी, आणि आठवड्यातले किमान 3 दिवस त्यात स्नायू-हाडं बळकट करणारं काही असावं. याच संघटनेच्या संशोधकांनी 146 देशांतल्या सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची 2016 पर्यंतची माहिती एकत्र केली. 11 ते 17 वयोगटातली 81 टक्के मुलं रोजच्या तासाभराच्या हालचालीपर्यंत पोचत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण 77.6 टक्के, मुलींत 84.7. 2001 पासून मुलग्यांचा आकडा थोडा सुधारला होता, मुलींचा जवळपास जागच्या जागी. पाचातली चार मुलं एकदम आळशी जन्माला आली असं तर होणार नाही. तेव्हा घरात ‘आळस’ हा शब्द निदान महिनाभर न वापरून बघा.

आड येणारी पहिली गोष्ट म्हणजे मुलाचं स्वतःचं शरीर. उंची वाढण्याचा वेग मुलींत साधारण बाराव्या आणि मुलग्यांत साधारण चौदाव्या वर्षी सगळ्यात जास्त असतो. पण कुणाचं हे लवकर होतं, कुणाचं उशिरा, त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. हातपाय भराभर लांबतात, तोल बदलतो आणि मागच्या वर्षी सहज जमणारी उडी यंदा चुकते. हे काही महिन्यांचं आहे असं मुलाला कुणी सांगत नाही. ते आपलं आपण ठरवून टाकतं, ‘मला आता जमत नाही.’ त्यात दुखणी असतात. गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखणं किंवा पळताना टाच दुखणं, हे वाढत्या वयात खूप मुलांना होतं, कारण स्नायूबंध जिथे जोडलेला असतो ते हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि त्याच्यावर ताण येतो. पोर नाटक करतंय असं समजून त्याला पळवलं तर दुखणं वाढतं आणि मैदानाशी वैर पक्कं होतं. ‘महिनाभर उड्या बंद, सायकल किंवा पोहणं चालू’ असं म्हणणारा मोठा माणूस भेटला तर बहुतेक मुलं टिकतात. दुखणं कमी होत नसेल तर अर्थातच डॉक्टर.

शरीराच्या या मागे-पुढे वाढीचा हिशोब संघ निवडणारे क्वचितच करतात. कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये दाखवलं की तिथल्या आइस हॉकीच्या वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त आहेत. वयोगटाची सीमा 1 जानेवारीला असेल तर जानेवारीतलं मूल डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठं, म्हणजे उंच, जोरकस. त्याची निवड होते, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात. डिसेंबरवाला बाकावर बसतो आणि आपल्यात गुणच नाहीत अशी त्याची समजूत होते. तुमच्या मुलाने शाळेच्या संघाचा प्रयत्न करून सोडला असेल तर ही शक्यता त्याच्याशी एकदा बोला. सोळाव्या वर्षी हे ऐकून मुलांना हायसं वाटतं, मी अनेकदा पाहिलंय.

आता सगळ्यात मोठा अडसर. या वयात कुणीतरी सतत आपल्याकडे बघतंय असं वाटतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. वर्गात, रस्त्यात, आरशासमोर तो प्रेक्षक काल्पनिक असेलही. मैदानावर मात्र तो खराखुरा असतो. गणिताचं उत्तर चुकलं तर ते वहीत राहतं, पण झेल सुटला तर चाळीसजण बघतात. धावताना शरीर कसं हलतं, घामाने शर्ट कुठे भिजला, शेवटून कोण आलं, सगळं उघड्यावर. आणि आपण मोठी माणसं त्यात भर घालतो. दोन कप्तानांना उभं करून एकेक नाव उचलायला लावतो, म्हणजे शेवटी उरणारा कोण हे सगळ्या वर्गाला कळतं. धावण्याच्या वेळा मोठ्याने वाचतो. चुकलं की मैदानाला फेऱ्या. (फेऱ्या मारणं ही शिक्षा आहे असं पाच वर्षं शिकवायचं आणि सहाव्या वर्षी ‘धावायला का जात नाहीस?’ म्हणून विचारायचं, हा आमच्या पेशाचा जुना विनोद आहे.) बीप वाजवून दम मोजायच्या चाचणीत तर सगळ्यात कमी दमाचं मूल सगळ्यात आधी थांबतं आणि उरलेला वेळ सगळ्यांसमोर उभं राहतं. चाचणी म्हणून ती वाईट नाही, पण भर वर्गात घ्यायची ती गोष्ट नव्हे.

या अपमानाची मुदत फार लांब असते. मॅथ्यू लॅडविग, स्पिरिडूला वाझू आणि पँटेलिमॉन एक्केकाकिस यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या हजारभर प्रौढांना शाळेतल्या खेळाच्या तासाच्या आठवणी विचारल्या. ज्यांना तो तास नकोसा वाटला होता, ते मोठेपणी जास्त वेळ बसून काढत होते. वाईट आठवणींत सगळ्यात वर होती ती चारचौघांत झालेली फजिती.

तुमच्या मुलीची कारणं दर वेळी बदलतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण बदलतं तेव्हा खरं कारण बोलण्यासारखं नसतं, असा माझा अनुभव. चौदाव्या वर्षी ते बहुतेकदा कपड्यांशी, पाळीशी किंवा छातीशी निगडित असतं. इंग्लंडमध्ये 11 ते 18 वर्षांच्या दोन हजारांवर शाळकरी मुलींची पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 46 टक्के मुलींनी सांगितलं की छातीमुळे शाळेतल्या सक्तीच्या खेळांत भाग घेण्यावर थोडाफार परिणाम होतो. त्याच पाहणीत व्यायामाच्या वेळी स्पोर्ट्स ब्रा कधीच न घालणाऱ्या मुली निम्म्याहून जास्त होत्या. म्हणजे अडचण अगदी ठोस आहे आणि तिच्यावरचा उपाय दुकानात मिळतो, फक्त कुणी बोलत नाही. पाळीचे डाग दिसतील ही भीती तशीच. पांढऱ्या गणवेशाचा हट्ट धरणाऱ्या विम्बल्डननेसुद्धा 2023 पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची आखूड विजार घालायची मुभा दिली. जागतिक दर्जाच्या खेळाडूंना ज्याची चिंता वाटत होती ती चौदा वर्षांच्या मुलीला वाटणारच. गडद विजार, सैल टी-शर्ट, कपडे बदलायला दार लागणारी खोली आणि पाळीच्या दिवशी ‘आज किती जमेल ते तू ठरव’ असं म्हणणारी शिक्षिका, एवढ्यावर परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पाळीत व्यायाम करूच नये असं मात्र काही नाही. झेपेल तेवढी हालचाल केली तर काहींचं दुखणं उलट कमी होतं.

दुसरं मोठं कारण शरीराच्या आतलं आहे आणि त्याच्याकडे प्रशिक्षकही दुर्लक्ष करतात. व्यायाम चालू असताना कसं वाटतं, यावर माणूस पुन्हा येणार की नाही हे बरंच ठरतं. नंतरच्या समाधानापेक्षा जास्त. एक्केकाकिस यांचं बरंचसं काम याच विषयावर आहे. साध्या भाषेत सांगायचं तर धाप लागून बोलताना वाक्य तुटायला लागतं त्या पातळीपर्यंत बहुतेकांना बरं वाटतं. तिच्या वर गेलं की जवळपास सगळ्यांना नकोसं होऊ लागतं. त्यांच्या 2006 च्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या प्रौढ स्त्रियांना आधी मनाजोग्या वेगाने चालू दिलं, मग दुसऱ्या खेपेला वेग फक्त 10 टक्क्यांनी वाढवला. तेवढ्याने त्यांचं बरं वाटणं घसरलं. आता शाळेचा तास आठवा. सवय नसलेल्या मुलाला पहिल्या दोन मिनिटांतच आपण त्या पातळीच्या वर ढकलतो आणि ‘सवय होईल’ म्हणतो. सवय व्हायला ते परत यावं लागतं ना!

म्हणून माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना पहिले काही आठवडे एकच नियम असतो: शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी. शेवटची पाच मिनिटं मी मुद्दाम सोपी आणि मजेची ठेवते, कारण आठवणीत शेवट राहतो.

मुलाच्या तीन आठवड्यांचं कोडंही इथेच बरंचसं सुटतं. जिममध्ये पहिल्याच दिवशी छाती, दंड, पाय सगळं करून घेतात. स्नायूंचं आखडलेपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. जिना उतरवत नाही, हात वर जात नाही. ते सोसून तो पुन्हा गेला, म्हणजे जिद्द त्याच्यात आहे. मग तो आरशात बघत राहिला. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावू लागतात म्हणून. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला महिने जातात. फोनवर तो ज्यांची छायाचित्रं बघतो त्यांच्यात प्रकाशयोजना असते, निवडक क्षण असतो, कधी कधी औषधंही असतात. तीन आठवड्यांत त्या मापाने त्याचं काहीच झालेलं नसतं. माप बदललं तर चित्र पालटतं. पहिल्या दिवशी किती जोर निघाले, आज किती निघतात, हे त्याने स्वतःच्या वहीत लिहावं. ही वाढ तीन आठवड्यांतही दिसते. आणि वजनं उचलल्याने उंची खुंटते हे घरात कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. जाणकार माणसाच्या देखरेखीखाली, बेताच्या वजनाने आणि नीट पद्धतीने केलेला ताकदीचा व्यायाम या वयात सुरक्षित आहे. पावडरी आणि ‘पूरकं’ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बक्षीस आणि पट्टा का चालले नाहीत? 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना ‘चित्र काढलं तर प्रशस्तिपत्रक’ असं आधी कबूल केलं आणि दिलंही. पुढच्या आठवड्यांत मोकळ्या वेळात या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्मा होता. कबूल केलेल्या बक्षिसाने आवडीचं काम मोबदल्याचं काम होऊन बसतं. अवचित दिलेल्या शाबासकीचा असा तोटा त्यांना दिसला नाही. यंत्रांचंही तेच. 2016 मध्ये पोकेमॉन गो हा बाहेर फिरत फोनवर खेळायचा खेळ आला तेव्हा लोक रस्तोरस्ती चालू लागले. अमेरिकेतल्या तरुणांच्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची पावलं सरासरी 955 ने वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं पूर्ववत. इंग्लंडमध्ये 13-14 वर्षांच्या मुलांना आठ आठवडे पट्टे वापरायला दिले तर सुरुवातीच्या नवलाईनंतर त्यांची आतून येणारी इच्छा कमीच झाली. मित्रांशी तुलना आणि आकडा पुरा न झाल्याची टोचणी, ही कारणं मुलांनीच सांगितली. पट्टा मुलाने स्वतः मागितला असेल तर वेगळी गोष्ट. आईबापांनी बांधलेला पट्टा हा पहारा वाटतो, आणि पहाऱ्याखाली या वयाचं कोण खूश असतं?

घरातल्या बोलण्याबद्दल थोडं कडक बोलते. मुलांच्या वजनावर शेरा मारून व्यायाम सुरू करून देता येत नाही. गंमतीतला, काळजीतला, नातेवाइकांसमोरचा, कुठलाही शेरा असो. ज्यांच्या शरीरावरून टोमणे मारले जातात ती मुलं हालचाल टाळतात, कारण हालचाल म्हणजे तेच शरीर लोकांपुढे आणणं. ‘पुढे मधुमेह होईल, हृदय बिघडेल’ हेही मुलांपर्यंत पोचत नाही. चाळिशी त्यांना दुसऱ्या कुणाची वाटते. तुमच्या माहितीसाठी सांगायचं तर या वयाचा एक हिशोब खरोखर निकडीचा आहे: प्रौढपणी हाडांत असणाऱ्या खनिजांपैकी साधारण पाव भाग वाढीच्या ऐन जोराच्या अवघ्या दोन वर्षांत भरला जातो, आणि उड्या-धावणं हाडांना त्यासाठी लागतं. पण हे तुम्ही लक्षात ठेवा, मुलीला ऐकवू नका. तिला आज रात्री झोप चांगली लागली, परीक्षेच्या आधीची धडधड कमी झाली, मैत्रिणीबरोबर हसायला मिळालं, हे कळतं. फायदा सांगायचाच तर आजच्या दिवसातला सांगा.

आता ओढून नेणाऱ्या गोष्टींकडे येऊ. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी प्रेरणेवर केलेलं काम शारीरिक शिक्षणात सर्वात जास्त वापरलं जातं. त्यांच्या मते माणूस स्वतःहून काही करत राहतो ते तीन गोष्टी मिळतात तिथे: ठरवण्याची मोकळीक, ‘मला जमतंय’ ही जाणीव आणि आपली माणसं. ऐकायला सोपं आहे. मैदानावर यातली दुसरी सगळ्यात आधी कोसळते आणि म्हणून मी तिच्यावर सर्वाधिक वेळ घालवते. ज्याला चेंडू झेलता येत नाही त्याला सामन्यात उतरवलं तर तो चेंडूपासून लांब उभं राहायला शिकतो, झेलायला नाही. त्याला एका जोडीदाराबरोबर, कुणी बघत नसताना, मऊ चेंडूने, जवळून झेलू द्या. दहातले सात झेल यायला लागले की पाऊलभर मागे. कंटाळवाणं वाटतं, पण पंधराव्या वर्षी ‘मला खेळ आवडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना फक्त फेकणं-झेलणं कुणी नीट शिकवलेलं नसतं.

मुलांना मजा कशात वाटते हेही आपण चुकीचं धरतो. अमँडा विसेक यांनी फुटबॉल खेळणारी मुलं, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक यांच्याकडून मजेची 81 कारणं गोळा केली आणि मुलांकडून त्यांना महत्त्व देऊन घेतलं. जिंकणं अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावर आलं. वर होतं ते जीव ओतून खेळणं, एकमेकांशी चांगलं वागणं, प्रशिक्षकाने आदराने बोलणं. टोकियो ऑलिंपिकमधली, म्हणजे 2021 च्या ऑगस्टमधली, स्केटबोर्डिंगच्या पार्क प्रकारातली महिलांची अंतिम फेरी सापडली तर मुलांबरोबर बघा. जपानची मिसुगु ओकामोतो, वय पंधरा, शेवटच्या फेरीत पडली आणि पदक गेलं. ती रडत बाहेर आली तेव्हा प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचललं. त्या खेळात पडणं रोजचं असतं, अवघड गोष्ट करून बघणाऱ्याचं कौतुक होतं आणि सराव बहुतेक वेळ शिट्टी वाजवणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय चालतो. मैदान आवडेनासं झालेली मुलं स्केटबोर्ड, नाच, गिर्यारोहणाच्या भिंती, सायकल, मार्शल आर्ट्स अशा ठिकाणी रमताना दिसतात ती यामुळेच, असं मला वाटतं. तिथे संघात कुणी निवडत नाही आणि बाकावर कुणी बसवत नाही.

मोकळीक म्हणजे ‘करायचं की नाही’ असा प्रश्न विचारणं नव्हे. तो विचारलात तर थकलेल्या मुलाचं उत्तर ठरलेलं आहे. काय, कधी, कुणाबरोबर, किती वेळ, कुठलं गाणं लावून, हे त्याच्या हाती द्या. तास-दीड तास एका दमात हवा असंही नाही. शाळेपर्यंत चालणं, दुपारी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, सगळं धरलं जातं. पहाटे पाचला उठवून पळायला नेणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की थांबा. वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते, कारण झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. तेराव्या ते अठराव्या वर्षांपर्यंत 8 ते 10 तास झोप लागते. ती तोडून मिळवलेला व्यायाम परवडत नाही, आणि पहाटेचा संताप व्यायामाच्या खात्यावर जमा होतो तो वेगळाच. अभ्यासाचा वेळ जाईल ही भीती असेल तर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2010 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले होते. शारीरिक शिक्षणाला वेळ दिल्याने गुण घसरल्याचं त्यांना दिसलं नाही, काही ठिकाणी फायदाच दिसला.

आपली माणसं याचा अर्थ या वयात प्रामुख्याने एक मित्र किंवा एक मैत्रीण. अख्खा गट लागत नाही. नव्या ठिकाणी एकटं जायचं आणि ओळखीची एकजण सोबत असायची, यातला फरक मोठ्यांना कळत नाही इतका मोठा असतो. तुमची भूमिका पोचवणं-आणणं आणि स्वतः हलणं. सोफ्यावरून दिलेला आदेश मुलांना सोफ्यावरून दिलेला आदेश म्हणूनच ऐकू येतो.

काही खुणा मात्र निराळ्या असतात, त्यांना आळस किंवा लाज समजू नका. थोड्या श्रमाने धाप, छातीत घरघर, सततचा थकवा, फिकटपणा असेल तर दमा किंवा लोहाची कमतरता तपासून घ्या. व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं झालं तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. खेळाबरोबर मित्र, जेवण, झोप, छंद सगळंच सुटत असेल तर प्रश्न मनाच्या आरोग्याचा असू शकतो. याची उलट बाजूही आहे: एक दिवस व्यायाम चुकला तर बेचैन होणारं, खाल्लेलं ‘जाळायला’ धावणारं मूल. मुलीची पाळी तीन महिने थांबली असेल आणि व्यायाम वाढला असेल तर तिचं कौतुक थांबवून आधी तपासणी करा. खाण्यातून मिळणारी ऊर्जा कमी पडल्याने होणारा हा त्रास मुलग्यांतही होतो, फक्त पाळीसारखी ठळक खूण नसल्याने उशिरा लक्षात येतो.

तुमच्या दोघांपुरतं बोलायचं तर मुलीला समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीत किंवा चालताना, नजर दुसरीकडे असताना विचारा, आणि ‘का जात नाहीस’ ऐवजी ‘त्या तासात सगळ्यात नकोसा भाग कुठला’ असं विचारा. कपडे बदलणं, संघ पाडणं, धावणं, कुणाचं तरी हसणं, असे पर्याय तुम्हीच पुढे ठेवा म्हणजे तिला फक्त मान हलवावी लागेल. ऐकून लगेच उपाय सुचवू नका. शिक्षकांशी बोलायचं की नाही हे तिला विचारा, आणि बोललात तर एकच नेमकी मागणी करा: गडद विजार चालेल का, किंवा तिला धावण्याची चाचणी वेगळ्या वेळी देता येईल का. ‘तिच्याकडे जरा लक्ष द्या’ अशी मोघम विनंती आम्हा शिक्षकांकडे रोज येते आणि तिचं आम्ही काय करावं हे आम्हालाही कळत नाही. मुलाला विचारा, जिमचा निम्मा बेत आठवड्यातून दोनदा, मित्राबरोबर, जमेल का. नको म्हणाला तर दुसरं काय, ते तो सांगेल. आठवडा-दोन आठवडे वाट बघा.

मध्येच सोडतील या काळजीने पालक सुरुवातीलाच हात आखडतात. या वयात तीन गोष्टी करून बघून दोन सोडणं मला वाया गेलेलं वाटत नाही. उलट ‘आता फी भरलीय, तर वर्षभर जायचंच’ अशा सक्तीत अडकलेली मुलं मी पुढे कुठल्याच मैदानावर पाहिली नाहीत. सुरू करतानाच ठरवून घ्या: सहा वेळा जायचं, मग आवडलं नाही तर विनाभाषण सोडायचं. पहिली एक-दोन खेप सगळीकडे अवघडच जाते, म्हणून सहा. आणि नव्या वर्गाचे पैसे महिन्याचे भरा, सवलत मिळते म्हणून वर्षाचे नको.